मेश्रामकाका आणि व्हरांड्यातला लाइट

मेश्रामकाकांच्या घरी पाणी नंतर मिळतं, आधी फोन द्यावा लागतो. तुम्ही चपला काढत असता तोवर त्यांचा हात पुढे आलेला असतो. फोन उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात, कव्हर काढून त्यातली धूळ तुमच्याच अंगावर फुंकतात आणि डॉक्टरने वाईट बातमी सांगावी तशा आवाजात विचारतात, "रात्रभर चार्जिंगले लावून झोपता न?" आपण हो म्हणून टाकायचं. नाही म्हटलं तर ते सेटिंगमधून बॅटरीचा सगळा इतिहास काढून दाखवतात आणि चारचौघांत आपण खोटारडे ठरतो.

काका इथल्या स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होते. नोकरीभर ते मीटर आणि गेज यांच्याशीच बोलले. माणसांशी बोलायला रिटायर झाल्यावर सुरुवात केली, तीही फोनबद्दलच. रुआबांधा कॉलनीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्या शब्दात मान किती आणि कीव किती, हे मला अजून कळलेलं नाही.

"लोकायले फोन नवा पाह्यजे. अक्कल जुनीच चालते." हे त्यांचं रोजचं. माझा राउटर मी कपाटात, काचेच्या मागे ठेवला होता. तो दिसला आणि काका खुर्चीवरून उठलेच. "राउटर म्हंजे का दागिना आहे का मास्तर, कपाटात ठेवाले? उंचावर ठेवा त्याले, मोकळा ठेवा. अन् वरून विचारून राहिले, नेट कावून स्लो आहे!" राउटर कपाटाच्या वर गेला आणि नेट खरंच धावायला लागलं. काकांच्या सल्ल्यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट हीच, की तो लागू पडतो.

समोरच्या साहूबाईंचा फोन बादलीत पडला. इकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी तो तांदळाच्या डब्यात खुपसला. काकांना कळलं तसे ते तावातावाने रस्ता ओलांडून गेले. "चावल से भात बनता है, फोन नहीं बनता! स्विच ऑफ करो, सिम निकालो, पंखे के नीचे रखो." साहूबाईंनी फोन पंख्याखाली ठेवला, पण काकांची पाठ वळताच वरून मूठभर तांदूळही टाकले. फोन सुरू झाला. श्रेय तांदळाला मिळालं. काका त्या घरचा चहा अजून घेत नाहीत.

चुकीचं बोललेलं त्यांना सहनच होत नाही. एकदा विहारात वंदना आटोपल्यावर कोणीतरी म्हणालं की सारखी ॲप बंद करत राहिलं की बॅटरी वाचते. काकांनी त्या बिचाऱ्याला दारातच धरलं आणि त्याची बस सुटेपर्यंत समजावलं. "चूक ते चूक. आज सोडली तं उद्या सारी कॉलनी तेच बोलंल." आता लोक त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलतात, आणि तेही जपून, कारण हवामान सांगणाऱ्या ॲपबद्दलही काकांची मतं आहेत.

नवा फोन घेणाऱ्याला मात्र त्यांचा एक खास सल्ला असतो. "पहिले जुन्यातलं सारं नव्यात आणाचं, मंग मिठाई वाटाची. राहून गेलं ते राहूनच जाते." हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. मला वाटायचं, ओरडून ओरडून घसा बसला असेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला असतो, कॉम्प्युटरच्याच कामात. मागे सुट्टीवर आला तेव्हा त्याने व्हरांड्यातल्या लाइटला फोनवरून चालणारा स्विच बसवला आणि काकूंना म्हणाला, "आई, ऑफिसातून निघालो की मी तिथून हा लाइट लावत जाईन. लाइट लागला तं समज, मी निघालो." काकूंचे गुडघे गेलेत, नजरही अधू झाली आहे. तेव्हापासून संध्याकाळी त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. लाइट लागला की वर बघून म्हणतात, "निघाला बाबू. सावकाश जा रे, गर्दी असंल." फोन तो कधीमधी करतो, तोही घाईत. त्यामुळे काकूंचा सगळा दिवस त्या लाइटवर टेकलेला असतो.

परवा नालीसाठी खोदताना कोणीतरी केबल तोडली. सगळ्या गल्लीचं नेट गेलं. काका सकाळपासून दारोदार ओरडत फिरत होते, "राउटर चालू-बंद करू नका! केबल तुटली. आज नेटवरचं कोणाचंच काही चालत नाही!"

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. आज लाइट लागणार नाही आणि काकू घाबरतील, याची मला काळजी वाटत होती. अंधारून आलं. काका स्क्रूड्रायव्हर पुसत उभे होते.

आणि लाइट लागला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काका, नेट तं बंद आहे न?"

काकांचा हात थांबला. दिवसभर गल्लीला शहाणं करत फिरलेला माणूस स्वतःच्या घरातलंच विसरला होता. उत्तर काकूंनी दिलं.

"इकडचं बंद आहे, मास्तर. तिकडचं तं चालू आहे न?"

इतकं चुकीचं वाक्य त्या व्हरांड्यात आजवर कोणी बोललं नसेल. आता भडका उडणार म्हणून मी अंग चोरून बसलो.

"हो," काका म्हणाले. "तिकडचं चालू आहे."

"निघाला बाबू," काकू वर बघून म्हणाल्या.

मी उठलो तेव्हा काका फाटकापर्यंत सोडायला आले. असं ते कधी करत नाहीत.

"टायमर आहे," ते हळूच म्हणाले. "त्यानं नवा फोन घेतला. लाइटचं ॲप टाकाचं राहून गेलं. एकदा सांगतलं त्याले. हो बाबा, टाकतो म्हणे. दुसऱ्यांदा मी नाही सांगतलं."

मला त्या पोराचा असा काही राग आला की घरी जाऊन फोनच करावासा वाटला. "मी सांगू का त्याले?"

"कायले? सांगून लावलेला लाइट अन् टायमरचा लाइट, फरक काय आहे मास्तर?"

काकांनी फाटकाची कडी उगाच दोनदा लावून पाहिली. मग नेहमीचा, शिकवणीचा आवाज काढला.

"एक टिप देतो. टायमर लावला तं रोज थोडा मागं-पुढं कराचा. पोरगं रोज एकाच टायमाले कसं निघंल? कधी कधी लय उशीर कराचा. मंग तुमची काकू त्याले चांगल्या शिव्या देते."

त्यांनी वळून लाइटखाली बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"शिव्या देते न, त्या दिवशी दोन घास जास्त जेवते."