सुभेदारांचं सोप्पं भरतकाम

सुभेदार तात्या सुईत दोरा ओवायला बसले, की आमच्या आळीत कुणी शिंकायचं नाही. ते आधी चष्मा पुसत, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत, श्वास रोखत आणि दबक्या आवाजात स्वतःलाच हुकूम सोडत, "आगे बढ!" दोरा आत गेला, की "शाब्बास!" तेही स्वतःलाच. नाही गेला, तर दोष समोर बसलेल्याचा. "गुरुजी, तुमी हाललासा." हे गुरुजी म्हणजे मी. साताऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळं हालण्याचा आरोप बहुधा माझ्यावरच येई.

लष्करात असताना पाय मोडून तात्या बरेच महिने इस्पितळात पडून होते. हात रिकामे राहू नयेत म्हणून तिथल्या नर्सबाईंनी सगळ्या वॉर्डाला भरतकाम शिकवलं. बाकीचे जवान पाय बरे झाल्यावर सुई विसरले. तात्यांची बंदूक सुटली, पण सुई काही सुटली नाही. टाका चुकला, की ते "पीछे मुड" म्हणून उसवायला घेत.

आता या माणसानं नाताळासाठी भरतकाम का करावं, ते सांगायला हवं. त्यांचा एकुलता एक मुलगा विलास मिरजेला नोकरीला. तिथल्याच एका ख्रिस्ती नर्सशी त्यानं लग्न केलं. नर्सनं शिकवलेली सुई चालली, पण नर्स सून म्हणून चालेना, असा तात्यांचा न्याय! ते लग्नाला गेले नाहीत. नातू झाला, तरी गेले नाहीत. त्यांची बायको असती तर कान धरून घेऊन गेली असती, पण ती माउली केव्हाच देवाघरी गेलेली. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एका दसऱ्याला विलास एकटाच आला. सोनं दिलं, पाया पडला आणि उंबऱ्यातून म्हणाला, "आण्णा, तिनं नाताळला बोलावलंय. यायचं तर या." दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बाजारातून लाल-हिरव्या दोऱ्याच्या लडी घेऊन आले.

"रिकाम्या हातानं जायाचं न्हाई," मला म्हणाले. "हातानं केल्यालं न्यायचं. सोप्पं कायतरी."

'सोप्पं' हा तात्यांचा सर्वांत धोक्याचा शब्द. आधी रुमालाच्या कोपऱ्यात फक्त एक चांदणी भरायची ठरली. "सोप्पं हाय गड्या, च्या निवायच्या आत हुतंय!" चांदणी झाली, तर ती एकटी दिसते म्हणून घंटा आली. घंटेला दोरी हवी, दोरीला फांदी हवी, फांदीला झाड हवं. रुमाल संपला आणि मॅटीच्या जाड कापडाचा अख्खा टेबलक्लॉथ आला. मग माणसं कमी पडू लागली. आमच्या सौभाग्यवती आणि समोरच्या शिंपीणकाकू यांची तात्यांच्या ओसरीवर भरती झाली. "काकू, साखळी टाका लाईनीत! वैनी, दोरा ढिल्ला सोडा!" असे हुकूम सुटू लागले. माझ्याकडं गुंता सोडवण्याचं खातं आलं. आमच्या घरात दिवाळीचा फराळ त्या वर्षी विकतचा होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

काठ भरून झाला, मधली जागा राहिली. तिथं येशूबाळाचा जन्म भरायचा ठरला. तात्यांनी चित्र मनानंच काढलं. मेंढपाळ झाले घोंगडी पांघरलेले म्हसवडकडचे धनगर. तिन्ही राजांना फेटे चढले. मरियेला त्यांनी बाजेवर निजवली, पदरावरून तिचे कान फडक्यानं घट्ट बांधले आणि बाजेखाली शेगडी ठेवली.

सौभाग्यवतींना राहवेना. "आवं तात्या, त्यांच्या चित्रात शेगडी नसती."

"बाळंतीण हाय न्हवं? मग कान बांधायाच पायजेत. ऐन थंडीचं दिस, त्यात गोठा. वारं लागलं म्हंजे?"

"पण चित्रात..."

"चित्र काढनारा बाप्या असंल. त्येला काय कळतंय?"

शेगडीतले निखारे त्यांनी कुणालाच भरू दिले नाहीत. लाल, केशरी, पिवळा, एकेक गाठीचा टाका स्वतः घातला. एका दुपारी मान खाली घालूनच म्हणाले, "गुरुजी, विलासच्या बायकूला आई न्हाई. बाळंत झाली तवा शेक द्यायला घरात बाईमानूस न्हवतं. अंग वलं असताना उठून भाकरी थापल्या म्हनं पोरीनं. आन् मी हितं रुसून बसलोवतो." मी गुंता सोडवत राहिलो.

नाताळला सोबत त्यांनी मलाच नेलं. बेत ठरलेला होता. "कापड द्यायचं, च्या घ्यायचा, सांच्या गाडीनं माघारी." मिरज आली तसा सुभेदारांचा धीर खचला. टांग्यात बसल्यावर म्हणाले, "गुरुजी, तुमीच दिऊन या की."

दार सुनेनंच उघडलं. नातू कडेवर होता. "या मामा," म्हणून ती वाकायला लागली, तेवढ्यात तात्यांनी पुडकं पुढं केलं. "सोप्पं काम हाय. बसल्या-बसल्या केलं."

घरात विलासभोवती पाहुणे होते. सुनेनं कापड टेबलावर पसरलं आणि सगळे भोवती जमले. चर्चच्या पाळकसाहेबांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "ही मरिया का? आजारी आहे वाटतं."

तात्या सावधान उभे राहून आढ्याकडं बघू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुनेनं निखाऱ्यांवरून बोट फिरवलं. "आजारी नाही हो, बाळंतीण आहे," ती म्हणाली. "मामांनी शेक द्यायला घेतलाय." न विचारताच तिनं तात्यांना खुर्चीत बसवून पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि पोरानं सुभेदारांची मिशी दोन्ही मुठींत धरली.

दिवेलागणीला मी गाडीची आठवण केली. तात्या जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, "तुमी व्हा फुडं. ह्येनं मिशी सोडली म्हंजे निगतो."

पोर केव्हाच झोपलं होतं. मिशी मोकळीच होती.