नव्वदच्या आत

"अख्ख्या नानाखेड्यात माझ्याइतका सडपातळ माणूस दाखवा, मी नाव बदलतो," असं भय्यासाहेब सगळ्यांना सांगत. हातपाय खरोखरच काडीसारखे होते. मधला भाग मात्र काठीला मडकं बांधावं तसा.

उद्या पहाटे पंचक्रोशी यात्रा निघणार होती. वैशाखाचं ऊन आणि सगळी पायपीट. बँकेत असताना कधी सुटी मिळाली नाही. यंदा निवृत्त होऊन ते मोकळे झाले होते. बायकोची, सुलूताईंची, अट एकच: डॉक्टर सूनबाई हो म्हणाली तर.

भार्गवी टेप घेऊन आली. "बाबा, कंबर नव्वद सेंटीमीटरच्या आत हवी."

"अमेरिकेच्या तक्त्यात एकशेदोन चालते."

"तो गोऱ्यांसाठी. आपली चरबी पोटात साठते. बारीक दिसणाऱ्याच्या हृदयालाही धोका लवकर."

"आपण म्हणजे कोण? अडीचशे वर्षं माळव्याचं पाणी पितोय. आपला तक्ता वेगळा असेल."

"पाण्याबरोबर कचोरीपण धरा म्हणावं त्यात," सुलूताई म्हणाल्या.

भय्यासाहेबांनी मग योगासनातला रामबाण काढला. सगळा श्वास सोडला, पोट पाठीला चिकटवलं आणि तसेच उभे राहिले. टेप एकोणनव्वदवर आला.

"छान. तीनदा मोजून सरासरी काढू," भार्गवी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला कान तापले. तेवढ्यात शेजारचे यज्ञेश्वर दारात आले. "काय भय्या, कल पक्का ना?"

उत्तराला श्वास हवा होता. भय्यासाहेबांनी नुसत्या भुवया उडवल्या.

"अहो, बोलत का नाही?" सुलूताई जवळ आल्या. "भार्गवी, ओठ बघ यांचे."

तिसऱ्या खेपेला भय्यासाहेब सोफ्यावर कोसळले.

यज्ञेश्वरांनी गाडी काढली. वाटभर सुलूताईंनी नवऱ्याचा हात सोडला नाही. दवाखान्यात छातीला तारा लागल्या आणि सगळे त्या कागदाच्या पट्टीकडे बघत राहिले. पट्टी निर्दोष निघाली. तेव्हा भय्यासाहेब हळूच म्हणाले, "पोट आत ओढलं होतं."

भार्गवीनं पुन्हा टेप लावला. शहाण्णव.

"बाबा, घरीच शहाण्णव निघाली असती तरी मी जाऊच दिलं असतं. चालणं हेच तर औषध आहे. पण चक्कर आलेल्या माणसाला उन्हात कसं पाठवू?"

पहाटे यज्ञेश्वर हाक मारायला आले, तर सुलूताई बूट घालून तयार.

"तू? आणि तुझी कंबर?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. बायकांना ऐंशीपर्यंत चालते. कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी दुधी चिरून ठेवलाय."