हार्मेनची गाठ

हार्मेन आपल्या जुन्या हौदात होडी घेऊन शिरला, तेव्हा काठावरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. रविवारी दुपारी थर्मास घेऊन तिथे बसायचं आणि वरच्या कालव्यातून खालच्या कालव्यात उतरताना कुणाची फजिती होते ते बघायचं, ही गावाची जुनी करमणूक. होड्या आत आल्या की दरवाजे मिटून हौदातलं पाणी सोडायचं, म्हणजे पाण्याबरोबर होड्याही खालच्या कालव्याच्या पातळीला उतरत. हौदाचे दोन्हीकडचे दरवाजे एकतीस वर्षं हार्मेननेच उघडले-मिटले होते. निवृत्तीनंतर बायकोला, योकेला, घेऊन तो प्रथमच स्वतःच्या होडीतून इथून जात होता. गावासमोरून झोकात जायचं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी टोपीसुद्धा नवी घेतली होती.

"आज कुणाला शिकवायचं नाही हं," योकेने बजावलं.

"मी? छे!"

त्याने काठावरच्या खुंटीला दोराचा नुसता वेढा दिला आणि टोक हातात धरलं. शेजारी भाड्याच्या होडीत एक जर्मन जोडपं दोराशी झटापट करत होतं. हार्मेनच्या जिभेला खाज सुटली. हातवारे केल्याशिवाय त्याला बोलताच येत नसे, म्हणून त्याने आपल्या दोराची खुंटीला पटकन गाठ मारली.

"अहो, बांधू नका! पाणी उतरतं तसा दोर सोडत राहायचा. बांधणाऱ्यासारखा मूर्ख नाही. मी सांगतो ना, एकतीस वर्षं..."

"हार्मेन, आपण तिरके का झालोय?" योकेने विचारलं.

एवढ्यात कॉफीची किटली घरंगळत तिच्या मांडीवर आली. होडी एका बाजूने भिंतीला लटकली होती. हार्मेन गाठीवर तुटून पडला, पण दोर ताणून काठीसारखा कडक झाला होता. दरवाजे सांभाळणारी मार्लूस केबिनमधून धावत आली. तिने पाणी सोडणं थांबवलं, वरच्या कालव्यातून पुन्हा आत घेतलं, तेव्हा कुठे होडी सरळ झाली. ही मार्लूस त्याचीच शिष्या. गाठीवरूनच त्याने तिला एकदा चारचौघांत रडवलं होतं.

काठावर कुणी हसलं नाही. हार्मेनला ते हसण्याहून झोंबलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मार्लूसने कर्णा उचलला. "मंडळी, दोर बांधला की काय होतं, ते हार्मेनकाकांनी करून दाखवलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार्मेनने सवयीने टोपी काढली, वाकलाही. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. जिला रडवलं, तिच्याच खोट्याआड तो लपला होता.

"नाही हो!" तो ओरडला. "करून-बिरून काही दाखवलं नाही. चुकलो मी! गाठ मीच मारली, आणि विसरलो!"

मग टाळ्या दुप्पट झाल्या.

"काय विनय आहे माणसाचा!" पुढच्या खुर्चीतल्या आजी डोळे पुसत म्हणाल्या. जर्मन बाई तर म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवता का? यांना फोटो काढायचाय."

हार्मेन मटकन खाली बसला. "योके, अगं, खरंच चुकलो गं मी."

योके स्कर्टमधली कॉफी पिळत होती.

"मला पटलंय," ती म्हणाली.