अडतिसाव्या मिनिटाचा गहिवर

गांधीबागेतल्या मुरलीधर मंदिराच्या कीर्तन समितीने गोकुळाष्टमीच्या सप्ताहापूर्वी एक ठराव एकमताने मंजूर केला. ठराव असा, की आपण काय वाजवतो हे ज्याला सांगता येत नाही, त्याने यापुढे कीर्तनात वाजवू नये. समितीत सात माणसं. सातांपैकी एकालाही काही वाजवता येत नव्हतं, त्यामुळे विरोधाचा प्रश्नच आला नाही.

अडचण झाली एकट्या ताराचंदची. तो दिवसभर ठोक कापडाच्या दुकानात थान उलगडायचा आणि संध्याकाळी कौशल्याबाईंच्या कीर्तनात गिटार वाजवायचा. पहिल्या वर्षी कीर्तनात गिटार पाहून लोक दचकले होते. पुढच्या वर्षी "गिटारवाले येऊन राहिले ना?" असं विचारून मगच घरून निघू लागले. गेली अकरा वर्षं बाईंच्या डाव्या हाताची जागा त्याची होती. बायकोला, प्रेमलतेला, तो म्हणायचा, "तिथं बसलो का मले कोणी काई विचारत नाई, अन् मले समदं समजते."

आता विचारणार होते. अध्यक्ष मनोहरराव कचेरीतून निवृत्त झाले होते. कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायची होती. त्यांनी नमुना 'ब' समोर ओढला.

"ताराचंदजी, वादनाची पद्धत?"

"पद्धत कायची जी? बाईंकडे पायतो अन् वाजवतो."

"स्वर कशाच्या आधारे बदलता?"

ताराचंदने प्रामाणिकपणे विचार केला. "बाईंनी पदर खोचला का मी वर जातो. त्यांचा गळा भरून आला का बोटं आपोआप खाली येते."

मनोहररावांनी लिहिलं, 'आधार : बाईंचा पदर.' लिहिलेलं स्वतः वाचलं, आणि तातडीने तज्ज्ञांचा अभिप्राय मागवला.

तज्ज्ञ म्हणजे गुंजन मॅडम. गिटारच्या थिअरीत पैकीच्या पैकी. त्यांनी अर्धा तास ताराचंदचं वादन ऐकलं.

"हा कोणता कॉर्ड, काका?"

"हा? हा सुदाम्याचे पाय धुवाचा."

"आणि हा?"

"हा त्याच्या बायकोनं पोहे बांधून देल्ले, तवाचा."

गुंजनला हसू आवरेना. "अध्यक्षसाहेब, हे कुठेच चुकत नाहीत हो!"

"चुकत नाहीत, हे मान्य," मनोहरराव म्हणाले. "पण कशामुळे चुकत नाहीत, याची नोंद नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

कोण विचारणार, हे विचारायची समितीत पद्धत नव्हती. शेरा पडला : 'वादन अचूक. कारण अज्ञात. सबब अमान्य.'

कौशल्याबाईंच्या कानावर हे गेलं, तशा त्या थेट समितीत आल्या. "ताराचंदभाऊ नाई, तर मी बी नाई!"

मग समितीने मध्यम मार्ग काढला. आधार पदराचाच असेल, तर पदर अभिलेखावर आणावा. कितव्या मिनिटाला पदर खोचला जाईल आणि कितव्या मिनिटाला गहिवर येईल, याचा तक्ता बाईंनी सादर करावा. त्यावरून गुंजन मॅडमनी कॉर्ड लिहून द्यावेत. ताराचंदने कागद पाहून वाजवावं. एक सूर जरी कागदाबाहेर गेला, तरी त्याची जागा कायमची रद्द.

"मले गहिवर कधी येईल, ते मले का मालूम जी?" बाई म्हणाल्या.

"अंदाजे चालेल," मनोहरराव उदारपणे म्हणाले, आणि त्यांनी अडतिसावं मिनिट लिहून घेतलं.

पंधरा दिवस ताराचंद कागद घोकत होता. प्रेमलता वैतागली. "अवो, तुमी जेवून राहिले का मोजून राहिले?"

कीर्तनाची संध्याकाळ आली. सभामंडप फुलून गेला होता. श्रोत्यांच्या सोयीसाठी तक्त्याची एकेक प्रत वाटलेली होती. बाईंनी सुदाम्याचं आख्यान लावलं. ताराचंद मोजून, जपून, कागदाबरहुकूम वाजवत होता. बाईंकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, सवड नव्हती.

एकतिसाव्या मिनिटाला सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला, देव सिंहासन सोडून अनवाणी धावले, आणि बाईंचा कंठ दाटून आला. सात मिनिटं आधी! कागदावर त्या ठिकाणी जोमदार वादन होतं. ताराचंदने कागद पाहिला. मनोहररावांना पाहिलं. मांडीखालची अकरा वर्षांची जागा त्याला टोचू लागली. मग त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर शब्द नुसता थरथरत होता, त्याला कोणीतरी हात द्यायला हवा होता. बोटं खाली आली.

देव दारात येऊन उभा राहिला, की तक्ता कोण बघतो! अख्ख्या सभामंडपात हुंदका फुटला. मनोहररावांनी रुमाल काढला, घड्याळ पाहिलं, रुमाल परत खिशात ठेवला; डोळ्यांनी मात्र त्यांचं ऐकलं नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला, आणि गुंजन मॅडमपुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे भागीरथाबाई, डोळे अजून लाल.

"मॅडम, रडू तर लय आलं. पण बरोबर वाजवलं ना त्यानं?"

"मावशी, मीच रडत होते. माझं लक्षच नव्हतं."

तज्ज्ञांचा अभिप्राय अशा रीतीने बाद झाला. सूर कागदाबाहेर गेला होता, तरी मनोहरराव माणूस न्यायी. त्यांनी प्रश्न श्रोत्यांवर सोपवला. चारशे चिठ्ठ्या वाटल्या : 'वादन योग्य होते काय? होय / नाही.' प्रत्येकाने शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावलं. शेजारी त्याच्या चिठ्ठीत डोकावत होता. चारशेच्या चारशे चिठ्ठ्या कोऱ्या परत आल्या. नियमानुसार ताराचंदच्या बाजूने शून्य मतं पडली.

बाई अडून बसल्या होत्या, पण सप्ताह मोडू नये म्हणून ताराचंदनेच त्यांची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या डाव्या हाताला गुंजन मॅडम बसल्या, कागद घेऊन. ताराचंद खाली, श्रोत्यांत. आजूबाजूच्यांनी त्याला सतरंजीवर ऐसपैस जागा करून दिली, पाठीवरून हात फिरवले.

"तुयासारखं कोणी वाजवत नाई गा, ताराचंद!" बाजूचे धोंडबा गहिवरून म्हणाले.

"मंग चिठ्ठीवर काहून नाई लिवलं, काका?"

"आता, आपल्याले त्यातलं का समजते गा?"

वाचकहो, तुम्ही ताराचंदच्याच बाजूचे, यात मला तिळमात्र शंका नाही. ते चारशेही होते.