मराठी पाय

देवासला आमच्या शेजारी राहणारे मनोहर पागनीस कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी प्रेशर कुकर मागायचे. कमरेच्या पट्ट्यात त्यांचा एक पंप खोचलेला असे. दिसायला थेट पिस्तूल, वर घड्याळाएवढी काट्याची तबकडी आणि पुढे बोटाएवढी रबरी नळी. कुकरची शिटी काढून तिथे नळी बसवायची, मूठ आवळत-सोडत आतली हवा ओढून घ्यायची आणि काट्याकडे टक लावून बसायचं. काटा जागचा हलला नाही तर रिंग चांगली. हलला तर मान वर न करता म्हणायचे, "वहिनीसाहेब, यात हवा आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवडणुकीचं भाषण ऐकलं, यात हवा आहे. कोणाच्या मुलीला बड्या घरचं स्थळ आलं, यात हवा आहे. महिला मंडळाच्या अंकात मी 'स्त्री आणि एकविसावे शतक' असा सात पानी लेख लिहिला होता. तो त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला. बोलले काही नाहीत. मला कळलं.

पागनीस मूळचे धारचे. पणजोबा दरबारी पागेवर होते. घोड्याच्या छातीला कान लावून त्याचा दम ओळखायचे म्हणे. पणतू कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि मोटारींचा दम ओळखू लागला. पंप त्यांना कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनियरने जाताना भेट दिलेला. बॉनेट उघडायचं, इंजिनाजवळची एखादी बारीक नळी उपसून तिथे पंप लावायचा. काटा घसरला की कुठेतरी आतला रबरी पडदा फाटलाय, कुठेतरी गाडी चोरून हवा खातेय. मेकॅनिक अर्धी गाडी उघडून जे शोधायचा ते हे चार मुठींत सांगायचे. पैसे घेत नसत. पंपाला नावं ठेवलेली तेवढी चालत नसत. गल्लीतली मंडळी त्याला 'पागनीस भिया की पिचकारी' म्हणायची; भिया म्हणजे माळवीत भाऊ. पिचकारी बाहेर फेकते, हा आत ओढतो, हा फरक त्यांनी दर होळीला सगळ्यांना नव्याने समजावून सांगितला.

एकदा आम्ही कुक्षीला लग्नाला निघालो होतो. तिरल्याजवळ नवरदेवाची गाडी चहाला थांबली आणि पागनिसांना तिचा आवाज आवडला नाही. ते कमरेचा पंप उपसून तिच्याकडे धावले. नवरदेवाच्या मामांनी दोन्ही हात वर केले. खुलासा होईपर्यंत अर्धं वऱ्हाड शेतात पसरलं होतं. पण ब्रेकला जोर देणारा डबा खरंच फुटका निघाला, आणि पुढे घाट होता. नवरदेव दुसऱ्या गाडीत बसला. मामा मात्र परतीच्या वाटेवरसुद्धा पागनिसांपासून चार हात लांब राहिले.

अशा माणसाशी मी एक वर्ष अबोला धरला होता. कारण सांगते.

त्यांच्या बायकोला, शालिनीवहिनींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू बोलणं परत आलं, हातही थोडा वळू लागला, पण पाय येईना. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायाला काम द्या, नाहीतर तो कायमचा राहील. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. व्यायामाला एक बाई ठेवली, तिला त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, या पायावाचून आता कोणाचं काय अडलंय?

आणि एका रविवारी मी गच्चीतून पाहते तो काय, भर उन्हात वहिनी अंगणातल्या जुन्या गाडीत स्टेअरिंगमागे बसलेल्या, आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले पागनीस तिथून हुकूम सोडताहेत, "दाब... धर... सोड."

मग हे दर रविवारी सुरू झालं. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल लोण्यासारखं लागतं, ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करायचा, की बुडबुड्यांसकट तेल बाहेर. नट पुन्हा आवळेपर्यंत पहिल्याने पाय दाबून धरायचा. आधीच सोडला तर हवा परत आत. एवढं मला माहीत होतं. पण आजारी बायकोला कशाला? कारखान्यात माणसं काय कमी होती?

मी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार. कारखान्यातल्या रामेश्वरला बसवून पाहिलं होतं. पागनीस ओरडले 'धर', आणि माळवीत धर म्हणजे ठेवून दे. त्याने पाय उचलून खाली ठेवून दिला. "पाँव धर दियो, भिया." झालं, सगळी हवा परत आत. तीनदा तेच. "या कामाला मराठी पाय लागतो, वहिनीसाहेब," ते वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमच्या हिचा आहे, म्हणून निभतंय."

मी तेव्हा पंचेचाळिशीची, महिला मंडळाची चिटणीस, आणि नुकतीच गाडी चालवायला शिकलेली. म्हणजे तिहेरी संकट. मंडळात मी या छळावर पंधरा मिनिटं बोलले. पागनिसांशी बोलणं बंद केलं; त्यांना ते चार महिने कळलंच नाही, त्यामुळे मला अबोला वाढवावा लागला. शेवटी एका रविवारी पदर खोचून मी त्यांच्या अंगणात शिरले आणि म्हटलं, "वहिनींना उठवा. मी बसते. पाय माझाही मराठीच आहे."

पागनिसांचा चेहरा उतरला. गाडीतून शालिनीवहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी डाव्या हाताने गुडघ्यावरचं पातळ सारखं केलं आणि दाराकडे सरकायला लागल्या. कोणीतरी आपली खुर्ची मागितल्यावर सरकतात तशा. मला तर त्या सुटकेसाठी सरकताहेत असंच वाटलं.

"बस गं तू," पागनीस घाईने म्हणाले. मग मला, "आपला पाय चालायचा नाही, वहिनीसाहेब."

"का?"

"उतावळा आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण जाण्याऐवजी मी तिथेच ठाण मांडलं. म्हटलं, बघतेच कसं चालतं ते. गाडीचं दार उघडं होतं. वहिनींचा पाय पेडलवर होता, डाव्या हाताने उचलून ठेवलेला. "दाब," पागनीस म्हणाले. वहिनींनी ओठ आवळले, कपाळावर घाम आला. पेडल केसभरही हललं नाही. आणि मागून बरणीत तेल पडल्याचा आवाज आला.

मी मागे जाऊन वाकले. चाकाच्या नटावरून एक पारदर्शक नळी बरणीत गेली होती, आणि बरणीच्या झाकणातून दुसरी नळी एका जुन्या टॉवेलखाली. टॉवेलखाली पागनिसांची मूठ आवळत-सुटत होती. बॉनेटमधला पंप चाकापाशी काय करतोय, हे कळायला मला वेळ लागला. पंपच तेल ओढत होता. पाय नसता तरी चाललं असतं. दोन माणसांचं काम तो एकट्याने करू शकत होता, बहुधा पंप मिळाल्या दिवसापासून.

मी तोंड उघडलं. पागनिसांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहून, कुकर सोडला तर, मी त्यांना कधी कोणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

मी तोंड मिटलं. आमच्या ह्यांना हे अजून खरं वाटत नाही.

"कसं येतंय तेल?" वहिनींनी समोरून विचारलं. बोलणं अजून जडच होतं.

"काळंकुट्ट," मी म्हटलं. "जोर लावा, वहिनी."

त्या रविवारपासून माझी नेमणूक झाली. टॉवेलखाली पंप मारायला मी, नट सैल करायला ते, आणि दाबायला वहिनी. आमच्या गल्लीतल्या गाड्यांचे ब्रेक साऱ्या देवासात चांगले असतील. आमची झाली की समोरच्यांची, त्यांची झाली की पुन्हा पागनिसांची. लोक म्हणायचे, चिटणीसबाई पागनीस भियाच्या नादी लागली. वहिनी शनिवारीच विचारू लागल्या की उद्या कोणाची गाडी. भिंतीकडे तोंड करून पडणं बंद झालं. पायाचं मात्र तसंच. पावसाळा गेला, हिवाळा आला.

संक्रांतीच्या पुढचा रविवार असेल. मी धारला भाचीच्या हळदीकुंकवाला जाऊन आले होते आणि मला सांगायचं फार होतं. कोणी काय लुटलं, कोणाची सून कोणाशी बोलली नाही. पागनीस नट सैल करत 'दाब' म्हणाले, आणि मी बोलतच राहिले. पंप मारायलाच विसरले. तो माझ्या मांडीवर तसाच पडून होता, काटा शून्यावर.

नळीतून तेल आलं. थोडंसं, चमचाभर. वाटेत एक बुडबुडा धरून ते हळूहळू बरणीत उतरलं.

मी पंपाकडे पाहिलं. पागनिसांनी पंपाकडे पाहिलं. मग आम्ही दोघं त्या नळीकडे बघत बसलो. त्यांच्या हातातला पाना नटावर तसाच होता. त्यांना 'धर' म्हणायला हवं होतं, ते राहूनच गेलं. आणि ओरडून सांगता तरी कसं येणार होतं? आज तुझ्या पायाने काम केलं, असं म्हणायचं तर इतके दिवस कोणी केलं, तेही सांगावं लागलं असतं.

"अहो," वहिनी समोरून म्हणाल्या, "सोडू का?"

मग मीच म्हटलं, "थांबा वहिनी. धरून ठेवा."

त्यांनी धरून ठेवलं. पागनिसांनी नट आवळला, उठून नळावर गेले आणि कितीतरी वेळ तोंड धुतलं. परत येऊन पंपाची नळी काढली, पंप डब्यात घातला, झाकण लावलं. वहिनींना म्हणाले, "चल, पुढचं चाक."

त्या सकाळी चारही चाकं वहिनींनी केली. दर खेपेला चमचा-चमचाच. मध्ये थांबायच्या, दम खायच्या, पुन्हा दाबायच्या. चौथं चाक संपलं तेव्हा ऊन अंगणाच्या कडेला गेलं होतं आणि मला घरी पोळ्या टाकायच्या होत्या. पागनीस उठले, पँट झटकली, बरणी रिकामी करून आणली, आणि पुन्हा पहिल्या चाकापाशी जाऊन बसले.