सुखदेव वानखडे, ड्रायव्हिंगवाले गुरुजी

सुखदेवभाऊ वानखडे कुठेही बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक मारतो.

गाडीतच असं नाही, कुठेही. आमच्या घरी चहाला आले आणि आमचे हे कपात चहा ओतू लागले, की कप भरत येताना भाऊंचा पाय सतरंजीवर दाबला जातो. गल्लीतल्या एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे मामा भाषणाला उभे राहिले आणि दहा मिनिटं झाली तरी थांबेनात, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीखालून टप् टप् आवाज यायला लागला. मी वाकून बघितलं. भाऊ मामांना ब्रेक मारत होते.

याला कारण होतं. खामगावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी सोळा वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. सोळा वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस एकदम पाय कुठे नेणार?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि भाऊ आमचे शेजारी. घर भाड्याचं, माणूस एकटा. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. ते का, हे गल्लीनं सुरुवातीला विचारून पाहिलं होतं. "गाडीत जागा नाही," एवढंच उत्तर मिळालं. मग विचारणं बंद झालं.

त्यांची सगळी भाषा गाडीची. तापट माणसाबद्दल म्हणायचे, "तो डायरेक्ट तिसऱ्या गिअरात उठते." माझी मुलगी गणितात अडली की म्हणायचे, "हाफ क्लच, बेटा, हाफ क्लच. एकदम सोडू नोको." गल्लीतून पायी जातानासुद्धा वळायच्या आधी हात बाहेर काढून इशारा द्यायचे. मागे कुणी नसलं तरी. आणि कुणाचं काहीही बिनसलं, दळण सांडलं, सोयरीक मोडली, परीक्षेत नापास झालं, तरी त्यांचं एकच वाक्य. "गाडी बंद पडली त काय झालं? पुन्हा चालू कराची."

गावाबाहेर मतिमंद मुलांची एक छोटी शाळा आहे. तिथली मुलं ने-आण करायचं काम ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाकडे आलं आणि मालकानं सकाळ-संध्याकाळ भाऊंना व्हॅनवर पाठवायला सुरुवात केली. व्हॅनमध्ये राणी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. शाळा आली की सगळी मुलं उतरायची आणि राणी सीटला धरून बसायची. मग शाळेतल्या मावशी यायच्या आणि तिला उचलून आत न्यायच्या. ती रडायची. रोजचंच होतं.

भाऊंनी पंधरा दिवस बघितलं. मग मावशींना म्हणाले, "बाई, उद्यापासून मी उतरवतो. मले थोडा टाइम द्या."

त्यांनी उतरण्याचे तुकडे केले. दाराकडे वळायचं. दांडी धरायची. एक पाय पायरीवर. मग दुसरा. पहिले आठ दिवस फक्त दाराकडे वळणं चाललं. शेवटी उचलूनच न्यावं लागायचं, पण वळली की भाऊ "शाब्बास, इंडिकेटर देल्ला" म्हणून हॉर्न वाजवायचे. राणीला हॉर्न आवडायचा. दीड महिन्यानं एका सकाळी ती आपली आपण उतरली आणि चालत वर्गात गेली. मुख्याध्यापिका फाटकात उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "वानखडे, तुम्ही शिक्षकच व्हायला हवं होतं."

असं बोलणं आपण ऐकतो आणि सोडून देतो. भाऊंना सोडून देता येत नाही. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, शिक्षक होयाचं म्हणतो मी. जमन काय मले?"

मला हसू आलं. "भाऊ, तुमचं वय काय?"

"त्रेचाळीस."

"आम्ही बारावी झाल्यावर दोन वर्षं कॉलेजात बसून डी.एड. केलं. हे काय लायसन्स आहे का, आठचा आकडा काढला आणि मिळालं?"

भाऊंनी दुपारीच सगळी चौकशी करून घेतली होती. त्यांनी बाहेरून बी.ए. केलेलं होतं, पन्नास टक्क्यांची अट जेमतेम पार होत होती. मुक्त विद्यापीठातून विशेष शिक्षणाचं बी.एड. करता येत होतं. अडीच वर्षं, नोकरी सांभाळून. महिन्यातून दोन रविवार अकोल्याला वर्ग, सुट्टीत सलग वर्ग, आणि प्रात्यक्षिक राणीच्या शाळेतच. पास झालं की दिल्लीहून नोंदणी क्रमांक येतो आणि तो आला की माणूस विशेष शिक्षक.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मागच्या दारानं शिक्षक."

भाऊ रागावले नाहीत. "मॅडम, गाडीत मांगच्या दारानं बसलेलं माणूसही गावाले पोचतेच नं?"

खरं सांगायचं तर मला थोडं टोचलं होतं. आपण जिथे इतक्या वर्षांपूर्वी घाम गाळून पोचलो, तिथे हा माणूस व्हॅन चालवता चालवता येणार, हे मनाला पटत नव्हतं. तरी पाठ टाचण कसं लिहायचं ते मी त्यांना दाखवलं.

अकोल्याच्या वर्गात त्यांच्याबरोबर बावीस-तेवीस वर्षांच्या मुली होत्या. त्या त्यांना काका म्हणायच्या आणि डबा वाटून खायच्या. पुस्तकातली भाषा भाऊंना जड जायची. ती ते आपल्या भाषेत आणायचे. एखादं काम छोट्या छोट्या पायऱ्यांत मोडण्याला पुस्तकात कार्य विश्लेषण म्हणतात. भाऊंनी वहीत समासात लिहिलं होतं, 'गिअर टाकणे.' चांगलं केल्याबद्दल बक्षीस देणं, म्हणजे पुनर्बलन. समासात, 'हॉर्न.' गुंड्या लावायला शिकवण्यासाठी त्यांनी जुन्या सीट कव्हरचा कपडा लाकडी चौकटीवर ताणून बसवला. बक्कल लावायला शिकवण्यासाठी सीटबेल्ट. त्यांचं शैक्षणिक साहित्य भंगारात निघालेल्या गाडीसारखं दिसायचं.

मानसशास्त्राच्या पेपरात ते पहिल्यांदा नापास झाले. तेव्हा चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. गाडी बंद पडली होती, पुन्हा चालू केली. पण राणीला घेऊन केलेल्या एका सराव पाठानं त्यांना हलवलं. निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी वहीत शेरा लिहिला होता, 'विद्यार्थ्याला प्रतिसादासाठी वेळ देत नाहीत.'

ती वही घेऊन ते आमच्या ओट्यावर बसले.

"मॅडम, मी घाई करतो काय?"

"घाई नाही करत भाऊ. तुम्ही ब्रेक मारता."

"म्हणजे?"

"समोरच्याचं चुकायच्या आधीच तुम्ही सावरता. गाडीत ते बरोबर आहे. नाहीतर माणूस मरेल. पण राणीनं बादलीतलं पाणी सांडलं तर कोण मरणार आहे?"

भाऊंनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "सोळा वर्षं हेच केलं हो म्या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थांबायचा सराव सुरू केला आणि आमच्या घराला उपद्रव सुरू झाला. माझ्या मुलीनं काही विचारलं की ते मनात पंधरापर्यंत मोजायचे आणि मग उत्तर द्यायचे. भाजीवाल्यानं "काय देऊ?" विचारलं की पंधरा. आमच्या ह्यांनी "भाऊ, साखर घालू का?" विचारलं आणि उत्तर येईपर्यंत चहावर साय आली. गल्लीत एक-दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, "मॅडम, वानखड्याले ऐकू कमी येऊन राह्यलं काय?"

अंतिम पाठाच्या दिवशी मी रजा टाकून गेले. मदतीला म्हणून गेले, असं सांगितलं. खरं म्हणजे बघायला गेले. बाहेरगावचे परीक्षक होते, गंभीर, हातात घड्याळ. पाठ होता तांब्यातून पेल्यात पाणी ओतण्याचा. समोर राणी.

भाऊंनी एकदा ओतून दाखवलं. मग तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आता राणी."

राणी खिडकीकडे बघत बसली. एक मिनिट गेलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मी असते तर चारदा "राणी, बेटा, तांब्या उचल" म्हणाले असते. भाऊ गप्प होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि उजव्या पायावर डावा पाय चढवून तो अडकवून टाकला होता. कपाळावर घाम.

राणीनं तांब्याला हात लावला. मागे घेतला. पुन्हा लावला. उचलला. वाकवला. अर्धं पाणी टेबलावर गेलं, थोडं परीक्षकांच्या कागदावर गेलं, आणि उरलेलं पेल्यात पडलं. तिनं पेला उचलला आणि पिऊन टाकला.

परीक्षक कागद झटकत म्हणाले, "पाणी सांडत होतं तेव्हा तुम्ही मदत का केली नाही?"

भाऊ उभे राहिले. पंधरापर्यंत मोजले असावेत. मग म्हणाले, "सर, गाडी तिच्या हातात होती."

परीक्षकांनी काही तरी लिहिलं. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरली. पण ते हसत होते, हे मी बघितलं.

निकाल लागायच्या आधी सगळ्या फाईली केंद्रावर जमा करायच्या होत्या. शुद्धलेखन तपासायला म्हणून भाऊंनी पिशवीभर फाईली माझ्याकडे आणून टाकल्या. तीन मुलांच्या तीन वैयक्तिक अभ्यास फाईली असणार होत्या. निघाल्या चार. चौथ्या फाईलला तपकिरी कव्हर होतं. नाव, कुसुम ज्ञानदेव वानखडे.

"भाऊ, हिचं वय चुकलंय. एक्कावन्न लिहिलंय."

"बरोबर हाय," भाऊ म्हणाले. आणि लगेच, "ते फाईल चुकून आली, मॅडम. ते द्याची नाही."

मी फाईल मिटली नाही. त्यांनीही मागितली नाही.

कुसुम त्यांची थोरली बहीण. अमडापूरला आईजवळ असते. तिला सगळं गाव बेबी म्हणतं. जन्मापासून समज कमी. "तवा आमच्याइकडं कोनाले काय माईत? शाळा असते अशा लेकराइले, हे मायले बी माईत नोतं. मी शाळेत जाये, ते दारात बसून राहे. मी वापस येये, ते तथीच." दोन-तीन ठिकाणी भाऊंची सोयरीक जुळत आली होती. मुलीकडचे घर बघायला यायचे, बेबीला बघायचे, आणि निरोप यायचा नाही. मग भाऊंनीच बघणं थांबवलं. अकोल्याचे वर्ग नसलेल्या रविवारी शेताचं निमित्त करून ते "वावरात जातो" म्हणून जायचे, ते अमडापूरला बहिणीला शिकवायला.

फाईलीत उद्दिष्टं लिहिली होती. एक, स्वतःचे केस विंचरणे. दोन, विचारल्यावर स्वतःचे नाव सांगणे. पुढे तारखा आणि शेरे. पहिल्या उद्दिष्टापुढे 'साध्य नाही', 'साध्य नाही', 'अंशतः साध्य', मग 'साध्य'. दुसऱ्यापुढे दोन पानं भरून 'साध्य नाही'.

मी एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि फाईल त्यांच्या हातात दिली. मागच्या दाराबद्दल मी बोलले होते, ते त्यांना आठवत नसावं अशी आशा केली.

भाऊ पास झाले. दिल्लीहून नोंदणी क्रमांकही आला. त्याच शाळेत ते आता गुरुजी आहेत. व्हॅन दुसराच ड्रायव्हर चालवतो.

यंदा हिवाळ्यात मी प्रशिक्षणाला चिखलीला गेले होते. रविवार होता. येताना बस अमडापूरला थांबली आणि मी उतरले. विचारत विचारत घरी गेले. भाऊ मला बघून गडबडले. आई चुलीपुढून उठून आल्या. खाटेवर पांढऱ्या केसांच्या कुसुमताई बसल्या होत्या. भांग सरळ पाडलेला, वेणी घट्ट.

मी दारातच उभी राहिले आणि विचारलं, "ताई, नाव काय तुमचं?"

आई उत्तर द्यायला गेल्या. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे, मग छताकडे. बाहेर एक ट्रॅक्टर आला आणि गेला.

"कुसुम," त्या म्हणाल्या.

मग थोड्या सरकल्या, खाटेवर आपल्या शेजारची जागा हातानं झटकली आणि मला म्हणाल्या, "बस."

"हे म्या नाही शिकवलं, मॅडम," भाऊ म्हणाले. पाणी आणतो म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी कुसुमताईंच्या शेजारी बसून राहिले.