पंपघराचा बारावा फोटो

महिन्याच्या एक तारखेला सकाळी सव्वाआठ वाजता श्वासरोखे यांनी तळ्याकाठच्या ठरलेल्या चपट्या दगडावर ट्रायपॉड उभा केला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. पाण्यापलीकडचं जुनं पंपघर पिवळंजर्द झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कॅमेऱ्याची काच पुसली, पण पिवळा रंग काही जाईना. गेल्या महिन्यापर्यंत जी भिंत शेवाळाने काळी पडली होती, जिच्या भेगेतून एक झुडूप ऐटीत बाहेर आलं होतं, ती आता अंड्याच्या बलकासारखी चकाकत होती. छपरावर रोज पंख वाळवणारे तीन पाणकावळे शेजारच्या वाळक्या झाडावर जाऊन बसले होते आणि पंपघराकडे पाठ करून होते.

श्वासरोखे हे त्यांचं आडनाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत काढली आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हलू नका, श्वास रोखा" एवढंच सांगितलं. त्यावरून पडलेलं नाव निवृत्त झाल्यावरही त्यांच्याबरोबर घरी आलं. आता ते बगळ्यालासुद्धा कॅमेऱ्यामागून हळूच "हलू नका" म्हणत, आणि बगळा ऐके.

तळ्याचे फोटो काढायचं हे वेड मात्र त्यांचं नव्हे, त्यांच्या ताईचं. त्यांचे वडील त्या पंपघरात पंप चालवायचे आणि मागच्या दोन खोल्यांत सगळं कुटुंब राहायचं. ते सोडून गावात आले तेव्हा ताई दहा वर्षांची होती आणि श्वासरोखे तीन. पुढे ताई शाळेत शिकवू लागली, तरी दर रविवारी ती तळ्यापर्यंत चालत जायची आणि पंपघराला एक फेरी मारून यायची. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला जीव धजेना, म्हणून निवृत्त असूनही एक्स-रे श्वासरोखे यांनीच काढला. पलंग आणि खिडकीजवळची खुर्ची, याच्यापुढे आता काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"बाळ्या, तळं काही मला आता दिसायचं नाही," घरी आल्यावर ताई म्हणाली. "वर्षभराचं आणून दे मला. बारा महिने, बारा फोटो." हे ती शांतपणे म्हणाली, आणि चौसष्ट वर्षांच्या बाळ्याला स्वयंपाकघरात जाऊन रडून यावं लागलं.

मग त्यांनी हे काम इस्पितळाच्या शिस्तीने हाती घेतलं. तोच दगड, तीच वेळ, महिन्याला एकच फोटो, आणि त्यात कणाचीही फिरवाफिरव नाही. जे आहे ते दाखवायचं. ताईच्या पलंगासमोर भिंतीवर अकरा पंपघरं ओळीने लागली होती. एकात पाणी आटून चिखलाला तडे गेलेले, एकात पाणी पायऱ्यांना टेकलेलं, एकात धुक्यातून बदकांची रांग चाललेली. ताई प्रत्येक फोटो भिंग घेऊन तपासायची, शाळेत पेपर तपासायची तसा. "तिसऱ्या खिडकीची उरलेली काचपण गेली बघ," असं ती म्हणाली की श्वासरोखे यांना मनातून गुदगुल्या व्हायच्या. फोटोत काच गेलेली दिसते म्हणजे फोटो किती स्वच्छ आला, असा त्यांचा हिशेब.

आणि आता हा बलक. तिच्या मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं. लहानपणचं घर कोणी असं भडक रंगवून ठेवलंय, हे तिला दाखवायचं कसं? त्यांनी फोटो न काढताच ट्रायपॉड मिटला.

"फोटो?" ताईने दारातच विचारलं.

"धुकं होतं."

"सव्वाआठला? इथे तर ऊन तापलंय."

"तळ्यावर होतं."

ताईने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं वह्या घरी विसरणाऱ्या मुलांकडे तिने असंच पाहिलं होतं. "बरं," ती म्हणाली. "उद्या काढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका फांदीच्या आडून प्रयत्न केला, पण पंपघर फांदीपेक्षा मोठं होतं. तिसऱ्या दिवशी ते खरोखरच धुक्याची वाट बघत बसले, तर आभाळ काचेसारखं लख्ख. शेवटी तळ्याला वळसा घालून ते पंपघरापाशी गेले. चौकीदार दारात खुर्ची टाकून बसला होता आणि नव्या भिंतीचा सगळा मान स्वतःकडे घेत होता.

"बघा काका, कसं झालंय. वरून हुकूम आला. साहेब स्वतः उभे राहून रंगवून घेत होते."

"पण का?"

"ते साहेबांना विचारा. आम्हाला काय, शेवाळ खरवडा म्हणाले, आम्ही खरवडलं."

श्वासरोखे परत निघाले ते विचारातच. वाटेत त्यांना एक जुना गवंडी भेटला आणि त्याच्याकडून त्यांना एक युक्ती कळली. नवी भिंत जुनी दिसायला हवी असेल तर तिला आंबट दही फासायचं, शेवाळ आपोआप धरतं. वेळ लागतो, पण धरतं. आपल्याला वेळ नाही, असं ते म्हणाले तेव्हा गवंडी म्हणाला की मग दह्यात चिखल आणि चहाचा चोथा घाला, निदान लांबून तरी जुनं दिसेल. लांबूनच तर बघायचं होतं.

तीन दिवस घरात दही येत राहिलं. चौथ्या दिवशी ताईने पलंगावरून हाक मारली. "बाळ्या, दही घरात येतं आणि पानात येत नाही. जातंय कुठे?"

"पोटासाठी आणलंय."

"कोणाच्या?"

श्वासरोखे कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे बाहेर गेले.

दुपारी चौकीदार जेवायला घरी गेला, की पाऊण तास पंपघर मोकळं असायचं. श्वासरोखे यांनी बादलीत सगळं कालवलं, बाह्या सरसावल्या आणि पाण्याकडच्या भिंतीला कुंच्याने माखायला सुरुवात केली. जन्मात त्यांनी कोणाच्या भिंतीला पेन्सिलीची रेघसुद्धा ओढली नव्हती. तरी काम बरं जमत होतं. अर्धी भिंत होईतो चौकीदाराचा कुत्रा वास काढत आला आणि खालून भिंत चाटू लागला. त्याला हाकलावं तर तो भुंकणार, म्हणून श्वासरोखे यांनी त्याला खालचा हातभर भाग सोडून दिला. मग वरून कावळे उतरले. कावळ्यांचा कालवा ऐकून वाळक्या झाडावरचे पाणकावळे उडाले, आणि पाणकावळे का उडाले ते बघायला रस्त्याने चाललेली पाणीखात्याची जीप थांबली.

साहेब उतरले. त्यांनी भिंत पाहिली, कुत्रा पाहिला, बादली पाहिली.

"हे काय चाललंय?"

"जुनं करतोय," श्वासरोखे म्हणाले. खोटं बोलायची त्यांची ताकद धुक्यावर आणि दह्यावर खर्च होऊन गेली होती.

साहेबांनी त्यांना नाव, पत्ता विचारला. पत्ता ऐकल्यावर ते जीपमधून एक फाईल घेऊन आले. "थट्टा करताय का आमची? तुमच्याच घरून तक्रार आली. प्रती वर गेल्या, त्याच्याही वर गेल्या. मला बोलणी बसली. माणसं लावून तीन आठवड्यांत इमारत उजळली, आमच्या खात्यात आजवर असं झालेलं नाही. आणि आता तुम्हीच येऊन तिला दही फासताय?"

फाईलमध्ये श्वासरोखे यांचे अकरा फोटो क्रमाने लावले होते. वर एक पत्र होतं, आणि त्यातलं अक्षर त्यांना लहानपणी गिरवून गिरवून पाठ झालेलं होतं.

"महोदय, आपल्या ताब्यातील पंपघराची काय दशा झाली आहे, ते सोबतच्या अकरा छायाचित्रांवरून दिसेल. छायाचित्रकार प्रामाणिक आहे, याची हमी मी देते. मी त्याला तो पाळण्यात असल्यापासून ओळखते. इमारतीचा मूळ रंग पिवळा होता, हे रंगवताना ध्यानात ठेवावे."

"उद्या संध्याकाळपर्यंत भिंत होती तशी करून द्या," साहेब म्हणाले. "नाहीतर मला लेखी कारवाई करावी लागेल. आणि त्या पत्रवाल्या बाईंना सांगा की रंग पिवळाच दिलाय."

श्वासरोखे घरी आले तेव्हा ताई खिडकीजवळ बसली होती.

"पत्र तू लिहिलंस?"

"मीच. व्यायाम करून घ्यायला येतात ना, त्या बाईंनी टपालात टाकलं. तुझ्या खणातल्या जादा प्रतीही त्यांनीच काढून दिल्या, तेवढं तुला विचारायचं राहिलं."

"मला सांगायचं तरी, ताई."

"तुला सांगितलं असतं तर तू पडझडीची बाजू घेतली असतीस. जन्मभर मोडलेल्या हाडांचे फोटो काढलेस. भेग दिसली की तुझा चेहरा खुलतो."

श्वासरोखे खाली बसले. "मग तुला ते फोटो आवडतच नव्हते?"

ताईने भिंतीवरच्या अकरा पंपघरांकडे पाहिलं. "मी तुला घर आणायला सांगितलं होतं, बाळ्या. तू दर महिन्याला मला त्याचा एक्स-रे आणून दाखवत होतास. आज काय तुटलं, आज काय खचलं. मी इथे पडल्या पडल्या तेच बघत होते. त्याचं आणि माझं बरोबरीनेच चाललंय असं वाटायला लागलं होतं." मग तिचा आवाज जरा हलका झाला. "ते पिवळं होतं रे. बाबांनी आपल्या हाताने रंग दिला होता आणि मी डबा धरून उभी होते. मी सगळं विसरेन, तो पिवळा नाही विसरायची. तेवढं एकदा बघू दे मला."

आता सांगावंच लागलं. श्वासरोखे यांनी दही, चिखल, कुत्रा आणि कावळे, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांना खूप लाज वाटली.

"किती भिंत?" ताईने विचारलं.

"पाण्याकडची. अर्धी."

"उद्या सकाळी जा आणि धू."

सकाळी ते बादली, घासणी आणि कॅमेरा घेऊन गेले. चौकीदार खुर्ची ओढून समोर बसला आणि कुठे राहिलंय ते बोटाने दाखवू लागला. दही रात्रीत वाळून दगड झालं होतं. श्वासरोखे जोर लावून घासत होते. चिखल गेला, दही गेलं, आणि त्याबरोबर नवा पिवळा चुनाही पापुद्र्यांनी सुटून आला. खालून निळा रंग वर आला.

त्यांनी घासणी खाली ठेवली. नीळ घालून कालवलेला चुना होता तो. खिडकीच्या कडेने रेघ सुतात धरल्यासारखी सरळ गेली होती, कुंच्याचे हात एकावर एक शांतपणे बसले होते, एक ओघळ नव्हता. वडिलांची त्यांना आठवण म्हणाल तर एक फोटो आणि एक खाकी सदरा, एवढीच. हे त्यांच्या हातचं काम होतं. श्वासरोखे यांनी एका कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिलं. निळ्याच्या खाली दगड होता. पिवळा कुठेच नव्हता.

"म्हणजे हे निळं होतं तर," चौकीदार जवळ येऊन म्हणाला. "शेवाळ खरवडलं तेव्हा खाली नुसतं काळं दिसलं होतं. साहेबांना सांगू का? परत रंगवतील."

"नका सांगू. हे माझ्या वडिलांच्या हातचं आहे."

"मग फोटो तरी काढा. वडिलांच्या हातचं आहे म्हणता."

कॅमेऱ्याची पिशवी दाराच्या कडीला लटकत होती. श्वासरोखे यांनी तिच्याकडे पाहिलं. काढला असता तर तो फोटो घरात कुठेतरी राहिला असता, आणि त्या घरात ताईपासून आजवर काही लपलेलं नव्हतं. त्यांनी निळ्या भिंतीवर तळहात ठेवला. ती गार होती.

"पिवळा उरलाय का?" त्यांनी विचारलं.

अर्धी बादली उरली होती. ज्या माणसाने छत्तीस वर्षं जे आहे ते दाखवलं, त्याने दुपारपर्यंत आपल्या वडिलांचा निळा रंग आपल्या हाताने झाकून टाकला. डोळ्यांत चुना गेला होता, असं त्याने चौकीदाराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला त्यांनी बारावा फोटो काढला. महिन्याची नऊ तारीख होती. दुपारी फोटो ताईच्या हातात पडला तेव्हा तिने भिंग घेतलंच नाही. ती तशीच बघत राहिली.

"हाच," ती म्हणाली. "अगदी हाच पिवळा." तिने पदराने डोळे टिपले. "म्हटलं होतं ना मी तुला?"

"म्हटलं होतंस."

फोटो बराच वेळ तिच्या मांडीवर होता. मग सवयीने तिचा हात भिंगाकडे गेला. छप्पर झालं, खिडक्या झाल्या, पायऱ्या झाल्या, आणि भिंग पाण्याकडच्या भिंतीवर येऊन थांबलं.

"हा एवढा तुकडा कोणी रंगवलाय? ब्रश कसाही फिरवलाय, ओघळ आलेत बघ."

"असेल कोणीतरी कामगार."

"बाबांनी असं काम जन्मात केलं नसतं."

"नसतं केलं," श्वासरोखे म्हणाले, आणि खिळा ठोकायला हातोडी शोधू लागले.